मारोतरावांची मोहरी

मारोतरावांना कुणी ‘मामा’ म्हटलेलं खपत नसे. आता दवाखान्यात काम करणारा, पन्नाशी उलटलेला, सदऱ्यावर डाग पडलेला कुणीही दिसला की तो मामा, ही आपल्याकडची रीतच आहे. पण रीत गेली खड्ड्यात. एकदा एका नव्या सर्जनसाहेबांनी आमच्या लॅबच्या दारात उभं राहून हाक मारली, “ए मामा, ही गाठ घे रे.”

मारोतराव स्टुलावरून हलले नाहीत. म्हणाले, “साहेब, तुमच्या लग्नात मामा म्हणून मागं मी उभा हुतो का? मला तर याद न्हाई.”

मी हसू दाबायला रजिस्टरात डोकं घातलं. “मारोतराव म्हणा, न्हाईतर टेक्निशियन म्हणा,” ते शांतपणे पुढं म्हणाले. “आन् गाठ फॉर्मालिनमदी बुडवून आणा. अशी उघडी आणू नगा. गाठीलाबी इज्जत असती.”

गाठीची इज्जत ठेवणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. परभणीतली आमची लॅब म्हणजे दोन खोल्या, एक कूलर आणि एक जुनं मशीन. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचा ठोकळा करायचा, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तो ब्लॉक मशीनवर लावून, चाक फिरवून, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे. काप कोमट पाण्यावर सोडायचा, काचेवर उचलून घ्यायचा, निळ्या-गुलाबी रंगात रंगवायचा. मग मॅडम ती काच सूक्ष्मदर्शकाखाली घालून सांगणार, रोग साधा की वाईट. मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टर. “रोग मॅडम सांगत्यात,” मारोतराव म्हणायचे, “पर मॅडमला दावतो मी.” यात बढाई नव्हती. काप जाड निघाला तर मोठ्यातला मोठा डॉक्टरही आंधळा.

ते पेडगावचे, मेंढपाळाच्या घरातले. लॅबमध्ये लागले ते काचा धुवायला. धुता धुता बघत राहिले, आणि एक दिवस जुना टेक्निशियन रजेवर असताना गुपचूप मशीनवर बसले. त्या दिवशीचे काप बघून तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे, “आज कुणाचा हात लागलाय?” तेव्हापासून तो हात तिथंच राहिला. मी शैला, त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा माझ्याकडे डिप्लोमा होता, त्यांच्याकडे दहावी नापासचा दाखला. पहिल्या आठवड्यात माझे सगळे काप फाटले. मी चिडून ब्लॉक टेबलावर आपटला. (माझा स्वभाव तापट आहे, आधीच सांगून ठेवते.) ते म्हणाले, “त्याच्यावर कामून रागवायल्या? त्याला थंडी वाजायली.”

आणि मग त्यांनी ब्लॉकजवळ तोंड नेऊन “हाऽऽ” केलं. चष्मा पुसताना आपण काचेवर वाफ सोडतो ना, अगदी तसं. मेण तेवढ्यानं जरासं मऊ पडलं, चाक फिरलं आणि कापांची रिबीन सरसर बाहेर आली. ही युक्ती मी पुढं इतरांनाही करताना पाहिली. पण मारोतराव वाफ सोडायचे ती आजारी लेकराच्या कपाळाला हात लावावा तशी, जपून.

त्यांचा दुसरा नेम नंबरचा. काचेला लेबल लावण्याआधी ते माझ्याकडे न बघता विचारायचे, “नंबर?” मी सांगायचं. मग, “काय हाय?” म्हणजे कुठल्या अवयवाचा तुकडा, ते. मी सांगायचं. मग ते म्हणणार, “बरोबर. लावा लेबल.” दिवसात पन्नास काचा असोत की दोन, हा मंत्र चुकायचा नाही. मी एकदा कंटाळून म्हटलं, “अहो, समोर लिहिलंय की!” तर म्हणाले, “लिवलेलं डोळ्याला दिसतं. बोललेलं कानाला आयकू येतं. दोघांची गवाही लागती.”

नाव मात्र कधीच विचारायचे नाहीत. अर्जावर पेशंटचं नाव असलं तर त्यावर बोट ठेवून झाकायचे. “नाव कळलं की वळख निघती. वळख निघाली की हात थरथरतो. ब्लॉकला नाव नसतं.” परभणीत आणि आसपासच्या गावांत सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, त्यामुळे हा नियम पाळणं सोपं नव्हतं. त्यांनी पाळला.

आणि मोहरी. स्लाइड मॅडमकडे जाण्याआधी मारोतराव ती जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघून घ्यायचे. काप सरळ आहे का, रंग नीट बसलाय का, यासाठी. पण बघता बघता त्यांना बरंच कळायला लागलं होतं. रोगाच्या पेशींच्या गर्दीत कधी कधी गोल, गडद निळे, बारीक दाणे दिसतात. मॅडमनी त्यांना सांगितलं होतं, ह्या आपल्या पांढऱ्या पेशी, शरीराच्या राखणदार. मारोतरावांनी त्यांचं नाव ठेवलं मोहरी. “मॅडम, आज मोहरी लय हाय,” असं म्हणत खुशीत स्लाइड पुढं करायचे. मॅडम म्हणायच्या की काही गाठींत हे चांगलं लक्षण असतं खरं. “आसतंच,” मारोतराव म्हणायचे. “मोहरी आली म्हंजी आंग जागं हाय.”

असं पंचवीसेक वर्षं चाललं असेल. मग एके दिवशी त्यांच्या कापाला सुरकुती पडली.

ऐकणाऱ्याला वाटेल, सुरकुती पडली तर काय एवढं? पण मारोतरावांच्या कापाला सुरकुती म्हणजे सुगरणीच्या घरी भाकरी करपणं. त्यांनी पातं बदललं. पुन्हा सुरकुती. पुन्हा पातं बदललं, पात्याच्या कंपनीला शिव्या घातल्या. मी बघत होते. पात्यात काही नव्हतं. उजव्या हातानं ते चाक फिरवत, आणि डाव्या हातात बारीक कुंचला धरून रिबीन सावरत. तो कुंचला हळूहळू खाली येत होता, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात ते एका पायात चप्पल घालून लॅबमध्ये आले. दुसरी एसटीत राहिली, की उतरताना पडली, काहीच सांगता येईना. मी हसले. हो, हसले. “काय मारोतराव, एक चप्पल गहाण ठेवली का?” मॅडम मात्र हसल्या नाहीत. अनवाणी डाव्या पायाकडे बघत म्हणाल्या, “मारोतराव, डोळे मिटा. दोन्ही हात पुढं करा, पंजे वर. तसेच धरून ठेवा.”

डावा हात हळूहळू खाली गेला. मॅडमनी डोळे उघडायला सांगितलं. मारोतरावांनी हाताकडे पाहिलं आणि खरंच आश्चर्यानं विचारलं, “हे कुणी खाली केलं?”

पुढचं सगळं भराभर झालं. स्कॅनमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ दिसली. मोठ्या शहरात नेऊन डोकं उघडलं, काढता आली तेवढी गाठ काढली. महिन्याच्या आत रिपोर्ट आला. ग्लायोब्लास्टोमा, चौथी श्रेणी. मेंदूच्या गाठींत याहून वाईट नाव नाही.

आता आमच्याकडची पद्धत ऐका. रिपोर्ट येतो तो घरच्यांच्या हातात, आणि पेशंट सोडून सगळ्या गावाला कळतो. रुक्मिणबाई, म्हणजे मारोतरावांची बायको, आणि ज्ञानू, त्यांचा थोरला मुलगा, दोघं माझ्या घरी आले. रुक्मिणबाई उंबऱ्यातच बसल्या. “शैलाताई, त्याइला कळलं तर धास्तीनंच जातील. आमी सांगितलंय, साधी गाठ हुती, निघाली. पर ते इश्वास ठिवत न्हाईत. म्हणतेत, कागद दावा. तुमी एवढा एक कागद करून द्या.”

आणि मी दिला. मॅडमना न विचारता, आमच्या लॅबच्या कागदावर, टाइप करून: ‘साधी गाठ. घाबरण्याचे कारण नाही.’ तेव्हा मला ती दया वाटली. माझ्या वडलांनाही आम्ही काही सांगितलं नव्हतं, आजीलाही नाही. माणसाला त्याच्याच मरणाची बातमी द्यायची नसते, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. रिपोर्टला नंबर लागतो, म्हणून मनाला येईल तो टाकला. बाराशे सात.

कागद वाचायला मारोतरावांना चष्मा लावावा लागला. डोक्यावर टाक्यांची ताजी रेघ, अंगात पांढरा बनियन, खाटेवर बसलेले. मी समोर उभी. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“शैलाबाई, बाराशे सात?”

“हो.”

“गेल्या सालचं बाराशे सात पित्ताशय हुतं. कुणाचं ते म्हईत न्हाई, पर पित्ताशय हुतं. भिताड जाड, मोहरी भरपूर. म्या सोता कापलंय.” मग थोडं थांबून, “माझ्या डोक्यात पित्ताशय निघालं का?”

मेले मी. दुसऱ्या कुणाची फसवणूक खपली असती हो. पण ज्या माणसानं आख्खं आयुष्य नंबर पाठ केले, त्याला मी खोटा नंबर दिला. मागं ज्ञानू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. रुक्मिणबाई पदर तोंडात धरून रडायला लागल्या.

मारोतराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. “एक नंबर चुकू दिला न्हाई म्या,” ते म्हणाले. “परक्या मानसाचा न्हाई चुकू दिला. आन् माझ्याच टायमाला तुमी बेइमानी केली? लोकांचं खरं दावायला मी चालतो, आन् माझं खरं बगायला मी चालत न्हाई?”

“अहो, धास्तीनं काई झालं तर…” रुक्मिणबाई म्हणाल्या.

“धास्तीनं मानूस मरत आसता तर पावसाची वाट बगून आपला जिल्हा कवाच रिकामा झाला आसता.” मग माझ्याकडे वळून, “रडू नगा. ब्लॉक मागवा.”

“कुठला ब्लॉक?”

“माझा.”

अर्ज केला की दवाखाना पेशंटचा ब्लॉक परत देतो, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. ज्ञानू जाऊन घेऊन आला. दिवस उन्हाळ्याचे, परभणीचं ऊन. रस्त्यात मेण वितळेल या भीतीनं त्या पोरानं बापाच्या मेंदूचा तुकडा बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणला होता. मारोतरावांनी लॅबमध्ये थर्मास उघडला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसले. “आरं, कुल्फी आणलीस का?” त्यांनी ब्लॉक पुसला आणि रजिस्टर ओढलं. आमचे नंबर दर वर्षी एकपासून सुरू होतात, त्या दिवशी लॅबचा पुढचा नंबर होता नऊशे एकोणचाळीस. तोच त्याला दिला. नावाच्या रकान्यावर बोट ठेवून तो कोरा सोडला.

मॅडमपाशी मी सगळं कबूल केलं होतं. त्या मला जे बोलल्या ते बरोबरच बोलल्या, इथं लिहीत नाही. मारोतरावांना मात्र त्यांनी एवढंच विचारलं, “नक्की स्वतः कापणार?”

“मॅडम, ह्यानं मला न इचारता माझ्या डोक्यात घर केलं. आता मी ह्याला इचारणार न्हाई.”

डावा हात चालत नव्हता. म्हणून ठरलं, चाक त्यांचं, कुंचला माझा. ब्लॉक मशीनवर लागला. त्यांनी तोंड जवळ नेलं. मला वाटलं, आता नाही करणार. तर त्यांनी तसंच, नेहमीसारखं, जपून “हाऽऽ” केलं. स्वतःच्या वैऱ्यावर. का, तर काप चांगला निघावा. मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की कुंचला माझ्याच हातात थरथरत होता. “सांभाळून,” ते म्हणाले. “वळख काढू नगा.”

काप निघाला. एकही सुरकुती नाही.

रंगवून झाल्यावर ते सूक्ष्मदर्शकाशी बसले. पेशींची वेडीवाकडी, बेढब केंद्रकं, मधेच मेलेल्या पेशींचे पट्टे, सगळं त्यांना दिसत होतं. मॅडमच्या तोंडून हजार वेळा ऐकलेलं. मग एकदम ते ओरडले, “मॅडम! या, बगा! मोहरी आलीय!”

खरंच होती. रक्तवाहिन्यांच्या भोवती निळ्या दाण्यांचं कोंडाळं. मॅडमनी पाहिलं आणि खुर्ची ओढून समोर बसल्या.

“मारोतराव, खोटं बोलू?”

“एकदा झालं तेवढं बास हाय.”

“मग ऐका. दुसऱ्या काही गाठींत मोहरी भरपूर असली तर पेशंट जास्त टिकलेले दिसतात. मेंदूच्या ह्या गाठीत हिशोब इतका सरळ नाही. मोहरी इथवर येते, पण थोडी येते आणि येऊन थकते. आणि दुसरे राखणदार असतात, मोठ्या पेशी. ते ह्या गाठीत खंडीनं असतात. पण गाठ त्यांना फितवते. ते राखण सोडून गाठीचीच सेवा करायला लागतात.”

मी मॅडमकडे रागानं पाहिलं. एवढं खरं बोलायची काय गरज होती? पण मारोतराव पुढं सरकून बसले होते.

“आमच्या तांब्यावानी,” ते म्हणाले.

तांब्या हे त्यांच्या लहानपणीचं कुत्रं. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे, मुक्कामाला जाळीचं कुंपण करून मेंढरं आत कोंडायचे, आणि राखणीला तांब्या. एका साली कोकरं कमी व्हायला लागली आणि तांब्या काही भुंकेना. शेवटी कळलं, एका लांडगीनं त्याला नादाला लावलं होतं. ती यायची, हा शेपूट हलवत बाजूला व्हायचा. सगळे म्हणाले, मारून टाका. वडलांनी मारलं नाही. त्याला कोकरांच्या मधोमध बांधलं आणि रोज स्वतःच्या हातानं भाकर चारली. म्हणाले, कुणाचं खातो ते इसरलाय, याद द्यावी लागंल.

“मग? सुधारला?” मॅडमनी विचारलं.

“अर्धा. लांडग्यावर पुन्ना कधी धावून गेला न्हाई. पर भुंकायला लागला. भुंकला की आमी काठ्या घिऊन उठायचो. काम तर झालं!”

मॅडम म्हणाल्या, “जगभर लोक हेच करून बघतायत, मारोतराव. फितलेल्या पेशी परत आपल्या बाजूला कशा आणायच्या. अजून खात्रीचं औषध हाती नाही. तुमच्यापर्यंत ते वेळेत येईल असं मी म्हणणार नाही.”

“नगा म्हणू. पर कुणीतरी भाकर चारायलंय, हे तर कळलं.” मग त्यांनी तो प्रश्न विचारला. “किती?”

मॅडमनी आकडा सांगितला. मी तो इथं देणार नाही, त्यांनीच देऊ दिला नसता. मॅडमनी हेही समजावलं की हा आकडा म्हणजे अर्ध्या लोकांची हद्द.

“आन् बाकीचे अर्धे?”

“ते त्याच्या पुढं जातात. कुणी थोडं, कुणी बरंच.”

“मंग मला तिकडच्या रांगंत हुबं करा,” मारोतराव म्हणाले आणि चष्मा खिशात घातला.

त्याच ब्लॉकचे कोरे, न रंगवलेले काप आम्ही शहरात पाठवले, कारण राखणदार पेशी वेगवेगळ्या ओळखायचे खास रंग आमच्याकडे नाहीत. स्लाइडी परत आल्या. एकीवर मोहरी तपकिरी होऊन दिसत होती, मोजकी, इथं चार, तिथं सहा. दुसरीवर फितलेले मोठे राखणदार, तर काच जवळजवळ सगळीच तपकिरी. मारोतरावांनी दोन्ही काचा उजेडाला धरल्या आणि मला विचारलं, “बाई, फोडणीला मोहरी किती लागती?”

“चिमूटभर.”

“मंग?”

त्यांनी किरणं घेतली, गोळ्या घेतल्या. ओकाऱ्या झाल्या, केस गेले. आणि नाही नाही म्हणता लॅबमध्ये परत आले. रुक्मिणबाईंनी टोपी दिली होती, ती पिशवीत. भादरलेलं डोकं, त्यावर घोड्याच्या नालासारखी टाक्यांची खूण, आणि साहेब एसटीतून ताठ मानेनं उतरायचे. “झाकून काय ठिवू? चोरी केली का म्या?” एकदा फाटकाजवळ कुणीतरी च्यक् च्यक् करत “बिचारे” म्हणालं. मारोतराव काठी टेकत मागं वळले आणि त्या माणसाला स्वतःच्या रोगाचं नाव तीनदा म्हणायला लावलं. “नाव घेता येत न्हाई आन् कीव कराय निघाला!”

आता ते फक्त चाक फिरवत. कुंचला कायमचा माझ्याकडे आला. माझा काप बिघडला की पूर्वीसारखंच बोलत, आजारपणाची सूट त्यांनी घेतली नाही आणि मला दिलीही नाही. खोट्या कागदाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. पण ‘काय हाय?’ विचारून झालं की हल्ली ते क्षणभर माझ्या तोंडाकडे बघायचे. आधी कधी बघत नसत. तेवढं मला पुरे होतं. मी वरमून रजिस्टरात बघायची.

त्याच दिवसांत त्यांनी आपल्या ब्लॉकमधून पोरांना शिकवण्यासाठी स्लाइडींचा एक अख्खा डबा तयार केला. मेडिकलचे विद्यार्थी मॅडमकडे यायचे, त्यांच्यासाठी. सगळ्यांवर एकच नंबर, नऊशे एकोणचाळीस, नाव कुठंच नाही. एकदा अशीच दहा-बारा मुलं सूक्ष्मदर्शकाभोवती गोळा झाली होती. मॅडम राखणदार पेशी दाखवत होत्या, मोहरी कमी, फितलेले जास्त, वगैरे. मारोतराव कोपऱ्यात त्यांच्या स्टुलावर, पाठ करून. एका चुणचुणीत मुलीनं वहीतून मान वर काढली. “मॅम, हा पेशंट किती दिवस जगला?”

मी टेबलाची कड धरली. मारोतरावांनी स्टूल गरकन फिरवलं.

“आजून जगायलाय,” ते म्हणाले. “फुडचा सवाल?”

मुलीला आधी कळलं नाही. मग तिची नजर त्यांच्या डोक्यावरच्या खुणेकडे गेली आणि तिच्या हातून पेन पडलं. मारोतरावांनी काठीच्या टोकानं ते तिच्याकडे सरकवलं. “लिवा, लिवा. मोहरी कमी, पर हाय.”

मॅडमनी सांगितलेला आकडा ज्या दिवशी संपला, त्या दिवशी ते नवा सदरा घालून आले. मॅडमच्या टेबलापुढं उभे राहिले आणि म्हणाले, “हद्द वलांडली.” मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्या दिवशी आम्ही तिघांनी मशीनच्या खोलीत भजी खाल्ली, जी त्या खोलीत खायला सक्त मनाई आहे.

त्यानंतरही ते बरेच महिने येत राहिले. मी गोड गोष्ट सांगायला बसलेली नाही, त्यामुळं पुढचं सांगते. गाठ परत वाढली. आधी काठी गेली आणि दोन माणसांचा आधार आला. मग एसटी बंद झाली. मग खाट. दुसऱ्यांदा डोकं उघडायचं का, असं शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं. सगळे कागद समोर मांडून, फायदा किती, तोटा किती, हे मॅडमकडून समजून घेऊन, मारोतरावांनी स्वतः नको म्हटलं. ज्ञानू मध्ये काही बोलायला लागला तर म्हणाले, “डोकं माझं हाय. इचारायचं तर मला इचारा.” डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं होतं. ही एक लढाई तरी ते पुरती जिंकले.

मी शेवटची गेले तेव्हा पेडगावात तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. दुपारची वेळ. खाट ओसरीवर आणलेली. मारोतराव डोळे मिटून पडलेले, बहुतेक वेळ झोपेतच असायचे. देवगाव फाट्याहून कुणी लांबचे पाहुणे भेटायला आले होते. चहा झाला. पाहुण्यांनी आवाज खाली करून रुक्मिणबाईंना विचारलं, “काय झालंय म्हणायचं?”

आणि रुक्मिणबाईंच्या तोंडून, इतक्या सगळ्यानंतरही, सवयीनं निघून गेलं. “काई न्हाई, आशक्तपणा हाय. हुतील बरे.”

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दवाखान्यातली बाई, मी सांगेन म्हणून. खरं सांगते, माझ्याही ओठावर ‘हो ना, होतील बरे’ असंच आलं होतं.

खाटेवरून आवाज आला. चिरका, खोल गेलेला, पण तोच.

“नंबर?”

रुक्मिणबाई दचकल्या. पाहुण्यांना वाटलं, भ्रमात बोलतायत. मी खाटेजवळ जाऊन उकिडवी बसले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

“नऊशे एकोणचाळीस,” मी म्हटलं.

“काय हाय?”

आता त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. रुक्मिणबाईंनी माझा हात धरला होता, तो मी सोडवला नाही.

“मेंदू,” मी म्हटलं. पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. “ग्लायोब्लास्टोमा. चौथी श्रेणी.”

“मोहरी?”

“आहे. थोडी आहे.”

त्यांनी मान हलवली, सुरकुती नसलेला काप पाण्यावर उतरला की हलवायचे तशी.

“बरोबर,” मारोतराव म्हणाले. “लावा लेबल.”